डब्यावर सांगितलेलं

उमरखेड
२ जून २०२५

शुभदा मॅडम,

यवतमाळची तुमची प्रयोगशाळा सोडून उमरखेडच्या ऑफिसात मी आज रुजू झाले. ऑफिस म्हणजे बसस्टँडमागच्या गल्लीतलं एक शटर, दोन खुर्च्या आणि भिंतीवर आपल्याच कंपनीचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर. माझं काम 'शेतकरी संपर्क' असल्याचं बदलीच्या आदेशात लिहिलं आहे. म्हणजे तक्रारी ऐकणं. बियाणं अजून पेरलं गेलेलं नाही, त्यामुळे तक्रारी नाहीत आणि मलाही काम नाही.

तुमचे फोन आले. मी घेतले नाहीत. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी 'हो ताई' म्हणून मोकळी होते, आणि सध्या मला कशालाच हो म्हणायचं नाही. म्हणून लिहिते आहे.

काय झालं ते एकदा क्रमानं मांडते. चुकलं तर दुरुस्त करा.

एप्रिलच्या शेवटी विक्रेत्यांचा मेळावा ठरला. बाहेर ऊन फार, म्हणून मांडव नको, गोदामातच कार्यक्रम आणि जेवण करू, असं मार्केटिंगच्या पियूषनं सुचवलं आणि सदाशिव सरांनी प्लांट मॅनेजर म्हणून मान्य केलं. जागा करण्यासाठी लॉट ४१७ ची सोयाबीनची पोती मागच्या टिनाच्या शेडमध्ये नेली आणि मेळावा आटोपल्यावर परत आणली. हमालांनी ती जाताना आपटली आणि येतानाही आपटली. सोयाबीनची साल पातळ असते. पोतं उंचावरून पडलं की आतला अंकुर दुखावतो आणि दाणा बाहेरून तसाच टपोरा दिसतो. हे मला पहिल्याच आठवड्यात तुम्ही शिकवलं होतं. "सोयाबीनचं पोतं म्हणजे अंड्यांची टोपली समज," असं म्हणाला होतात.

पोती हलवायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं की हा लॉट हलवू नये, हलवायचाच तर हातोहात उतरवावा. तुम्ही म्हणालात, "मी बोलते सरांशी."

मे महिन्यात मी त्या लॉटचा नमुना काढून पुन्हा उगवणीला लावला. फेब्रुवारीत ८१ टक्के होती. आता ६२ आली. सत्तरच्या खाली सोयाबीन बियाणं म्हणून विकता येत नाही, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही.

मग सरांच्या केबिनमधली बैठक. तुम्ही म्हणालात, "नमुना प्रेरणानं काढलाय, सर. ती नवीन आहे. एकाच थप्पीत नमुन्याची नळी खुपसली असेल." सरांनी विचारलं, लॉट हलवू नका असं आधी कोणी म्हटलं होतं का. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे अशी सूचना आली नव्हती."

मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही सरांकडे.

तुम्ही सहज खोटं बोलणाऱ्यांतल्या नाही, म्हणून मी त्या वाक्यावर खूप विचार केला. पुसदच्या अलीकडे एसटीत उलगडा झाला. मी सांगितलं होतं ते जेवताना, डब्यावर. माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही आपल्या टेबलाचा नियम सांगितला होता: डबा उघडला की मी ताई, डबा मिटला की मॅडम, आणि डब्यावरचं ऑफिसात न्यायचं नाही. तेव्हा सूचना ताईला मिळाली होती. मॅडमकडे ती खरंच आली नव्हती.

नंतर नमुना तुम्ही स्वतः काढलात, तो ७३ आला आणि लॉट पास झाला. तो कुठल्या थप्पीतून काढला हे मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. मेळाव्यात स्टेजच्या पडद्यामागची एक थप्पी जागची हलली नव्हती, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

ऑगस्टमध्ये माझं प्रोबेशन संपतं. 'नमुना चुकीचा काढला' ही ओळ माझ्या नावापुढे राहिली तर मला कायम करणार नाहीत, आणि दुसरी कुठली प्रयोगशाळाही दारात उभं करणार नाही. हिनं काढलेला नमुना खरा असतो, याखेरीज बीज तपासणाऱ्याजवळ दाखवण्यासारखं काय असतं? तेवढं मला परत हवं आहे.

प्रेरणा


उमरखेड
१५ जून

शुभदा मॅडम,

तुमचा मेसेज मिळाला. 'पत्र वाचलं. जेवलीस का?'

जेवले. मी वच्छलाबाई नावाच्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहते. डाळ-भात खाली त्यांच्याकडेच होतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "एवढी शिकलेली पोरगी, तुले इथं काहून धाडलं? काही केलंतं काय?" मी म्हटलं, बदली झाली. त्यावर म्हणाल्या, "बदली दोघायचीच होते. एक चोराची, नाही तर चोर पाह्यलेल्याची." आणि मला आणखी एक पोळी वाढली.

मागच्या पत्रात मी एकच बाजू लिहिली होती. दुसरीही लिहायला हवी.

मुलाखतीत माझा आवाज बसला होता, तेव्हा तुम्ही प्रश्न थांबवून मला पाणी दिलंत. यवतमाळात खोली शोधायला स्वतःच्या स्कूटीवर फिरवलंत. बाबा बाभुळगावहून आले तेव्हा त्यांना म्हणालात, "काका, ती माझी धाकटी बहीण समजा." बाबांनी ते घरी गेल्यावर आईला जसंच्या तसं सांगितलं. आई अजून सांगते. मला ताप होता तेव्हा तुम्ही ज्वारीची भाकरी आणि तुमचा तो शेंगदाण्याचा ठेचा घेऊन आलात. तापात ठेचा कोण आणतं, असं मी म्हटलं. "जीभ जागी झाली की माणूस उठतो," असं तुमचं उत्तर होतं.

मी मोजून बोलणारी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. घरीही तशीच. त्या टेबलावर मी न मोजता बोलायला लागले होते. नियमाचा मला फायदाच वाटायचा. इथलं बाहेर जाणार नाही, म्हणून इथे बोलावं. बोललेलं पोचणारच नाही, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मेळाव्यात तुमचा सत्कार होता. नागपूरच्या प्रयोगशाळेसाठी संचालक तुमचं नाव घेणार, हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. त्या आठवड्यात गोदामावरून पियूषशी भांडण उकरणं तुम्हाला जड गेलं असेल. तेवढं मी समजू शकते. पण सरांकडे न जाणं ही एक गोष्ट झाली. बैठकीत माझ्या नमुन्याकडे बोट दाखवणं ही दुसरी. तिच्यासाठी मला अजून कारण सापडलेलं नाही.

इकडे पेरण्या सुरू झाल्या आहेत. ४१७ च्या बॅगा बाजारातल्या दोन दुकानांत मी पाहिल्या.

प्रेरणा


उमरखेड
६ जुलै

शुभदा मॅडम,

आता मला काम आहे.

काल इथून जवळच रामराव नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात गेले. त्यांनी मला चहा दिला, मग बांधावर उभं केलं आणि हात लांब करून शेत दाखवलं. तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, चार रोपं, मग मोकळी जमीन, पुन्हा दोन रोपं. म्हणाले, "बाई, तुमचं बियाणं झोपून राह्यलं वाटते. उठवाले आल्या काय तुम्ही?"

मागे उभे असलेले शेजारचे शेतकरी हसले. मीही हसावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी खाली बसून तास उकरला. दाणे होते, फुगून मऊ पडलेले. बोटात दाबला की पिठासारखा होत होता. शेजारच्या पट्ट्यात त्यांचं घरचं बियाणं होतं, त्याच दिवशी पेरलेलं, आणि ते सलग उगवलं होतं. त्यामुळे ओल कमी पडली, खोल पेरलं, असलं काही बोलायची सोय नव्हती. मला तसं बोलायचंही नव्हतं.

"तुमच्या कंपनीत बियाणं तपासत नाहीत काय कोणी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तपासतात.

"मंग?"

मी पिशवीवरचा लॉट नंबर लिहून घेतला, तो त्यांना वाचून दाखवला आणि निघाले. इतकी गप्प मी तुमच्या बैठकीतही नव्हते.

अशा आणखी तक्रारी आल्या आहेत. सगळ्या त्याच लॉटच्या. नागपूरला कळलंय, आणि सोळा तारखेला संचालक स्वतः यवतमाळला चौकशीला येणार आहेत, असं आपल्या प्रयोगशाळेतल्या अक्षयनं फोन करून सांगितलं. त्या दिवशी डब्यावर तोही होता. माझ्या समोरच बसला होता. मी त्याला म्हटलं, तू ऐकलंस तेवढं सांग, जास्त नको.

तो मग म्हणाला, "आयकलं मी. नाही म्हणत नाही. पण डब्यावरची गोष्ट साहेबापुढं कशी काढू? उद्या मले कोण जवळ बसू देईन?"

चेष्टा नव्हती त्यात. त्याला खरंच भीती वाटत होती. आपण सगळ्यांनी मिळून किती पक्का नियम केला आहे, ते मला तेव्हा कळलं.

प्रेरणा


उमरखेड
१३ जुलै

शुभदा मॅडम,

काल तुम्ही इथे आलात. जे घडलं ते तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण पुढे आपल्या दोघींना ते वेगवेगळं आठवेल.

तुम्ही न कळवता आलात. वच्छलाबाईंनी खालून हाक मारली, "पोरी, तुझी बहीण आली." तुम्ही तसं सांगितलं होतं की त्यांनीच ठरवलं, मी विचारलं नाही. तुम्ही वर आलात, खोली पाहिलीत, पंखा हळू फिरतो म्हणालात. बारीक झाल्या आहात. पिशवीतून डबा काढून माझ्या खाटेवर ठेवलात आणि झाकणाला हात घातलात.

मी म्हटलं, "मॅडम, डबा उघडू नका."

तुम्ही थांबलात. "असं काय करते गं? भूक नाही का तुले?" घाईत तुम्ही 'तुले' म्हणता, ऑफिसात कधी म्हणत नाही.

मी म्हटलं, जे सांगायचं ते डबा बंद ठेवून सांगा.

मग तुम्ही सांगितलंत. चौकशीत नमुन्याची चूक मी कबूल करावी. नवीन मुलीची चूक कोणी मनावर घेत नाही. तुमच्या नागपूरचं एकदा झालं की तुम्ही मला तिकडे बोलावून घ्याल, कायम करून. इतक्या वर्षांनी तुम्हाला कुणी पुढे करतंय. माझं वय आहे, माझ्याकडे वेळ आहे. तुमच्याकडे नाही.

तुमचं बोलणं मी अडवलं नाही. त्यातलं शेवटचं खरंही असेल. पण मी विचारलं, माझी चूक झाली असं तुम्हाला वाटतं का. तुम्ही खिडकीकडे पाहून म्हणालात, "तसं कुठं म्हणते आहे मी?"

म्हणजे मी चुकले नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि मी चुकले असं मीच सांगावं, अशी तुमची इच्छा होती. केबिनमधल्या बैठकीपेक्षा मला हे जास्त लागलं. तिथे निदान तुम्ही घाबरला होतात. इथे तुम्ही विचार करून, गाडी करून, भाकरी भाजून आला होतात.

मी नाही म्हटलं. तुम्ही उठलात. डबा तिथेच राहिला. तो मी वच्छलाबाईंना दिला.

सोळाला भेटू.

प्रेरणा


यवतमाळ
१७ जुलै

शुभदा मॅडम,

कालबद्दल लिहिते. अक्षयकडून निरोप आला की मी तुमचा घात केला, असं तुम्ही म्हणता आहात.

सकाळच्या बैठकीत संचालकांनी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं: मेळाव्यात स्टेजमागची एक थप्पी जागची हलली नव्हती, बाकीच्या हलल्या; आणि लॉट हलवू नये, असं मी शुभदा मॅडमना आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, सूचना आली नव्हती. अक्षयनं पाण्याचा ग्लास उचलला. पियूषनं शेतकरी खोल पेरतात यावर बरंच सांगितलं. संचालक म्हणाले, जेवून घेऊ, मग संपवू. ते, सदाशिव सर आणि पियूष गेस्टरूममध्ये जेवायला गेले.

मी उमरखेडहून पहिल्या एसटीनं आले होते, डबा नव्हता. आपल्या जेवायच्या खोलीच्या दारातून परत फिरत होते. तुम्ही बाजूची खुर्ची ओढलीत. "बस."

मी बसले. का बसले, ते मी शोधते आहे. भूक होती. बाकीचं मला नीट सांगता येत नाही.

तुम्ही झाकणात अर्धी भाकरी ठेवलीत, वर ठेचा, नेहमीसारखे मिरचीचे मोठे तुकडे बाजूला काढून. आणि आवाज न उतरवता, अक्षयसमोर, म्हणालात: "तू सांगितलं होतंस गं. मीच गेले नाही सरांकडे. मला झोप येत नाही."

मला वाटलं, संपलं. आता तुम्ही आत जाऊन हेच सांगाल. मी ती भाकरी खाल्ली. सात आठवड्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मग तुम्ही डबा मिटलात, हात धुतलात आणि आपण आत गेलो. संचालकांनी विचारलं, कोणाला काही सांगायचं राहिलं आहे का. तुम्ही म्हणालात, "नाही, सर. मी सकाळी सांगितलं तेच."

तुमच्या आवाजात काही फरक नव्हता. मी तेवढ्यासाठी कान देऊन ऐकत होते. तुम्ही मला जे दिलंत, ते तिथेच दिलंत जिथे ते कुणाच्या उपयोगी पडणार नाही. तुमचं मन मोकळं झालं. रामरावांचं शेत आणि माझं नाव होतं तिथेच राहिलं.

म्हणून मी म्हटलं, "सर, माझं राहिलं आहे." आणि तुमचं वाक्य सांगितलं. तू सांगितलं होतंस, मीच गेले नाही सरांकडे. शब्द बदलले नाहीत. 'झोप येत नाही' एवढं वगळलं. ते चौकशीच्या कामाचं नव्हतं.

 अक्षयनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या ताटातलं उचलून दाखवलं. संचालकांनी तुम्हाला विचारलं, "असं म्हणालात तुम्ही?"

तुम्ही नाही म्हणू शकत होतात. मी एकटी होते आणि अक्षय काही बोलला नसता. पण तुम्ही म्हणालात, "ते जेवताना होतं, सर."

"जेवताना म्हणजे?"

त्यांना कोणीच समजावून सांगितलं नाही. मीही नाही. त्यांना कळणारं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि सदाशिव सरांना म्हणाले, ४१७ च्या सगळ्या शेतकऱ्यांना बदली बियाणं उद्यापासून द्या, आणि स्टेजमागच्या थप्पीचा आणि बाकीच्या थप्प्यांचा नमुना वेगवेगळा काढा. या मुलीला काढू द्या.

तेव्हा घाताबद्दल. नियम मी मोडला, हे खरं. आपल्या टेबलावरचं मी बाहेर नेलं. पण तुम्ही तो नियम माझ्याविरुद्ध वापरला होतात, मी तो वापरू शकत नव्हते, म्हणून मोडला. यापेक्षा चांगलं मला मांडता येत नाही.

प्रेरणा


बाभुळगाव
१७ ऑगस्ट

शुभदाताई,

हे पत्र डब्यासोबत आहे, म्हणून ताई.

नमुने पुन्हा मीच काढले. मागची थप्पी ७४, बाकीच्या ६१. माझ्या नावापुढची ओळ काढली आणि मला कायम केलं. तुम्ही रजेवर आहात आणि नागपूरला दुसरं कुणी जाणार आहे, असं कळलं. तुम्ही राजीनामा देणार असंही बोलतात, पण ते मी फक्त ऐकलं आहे.

मी यवतमाळला तुमच्याच प्रयोगशाळेत परत आले आहे. दुपारी खोलीत गेले की बोलणं थांबतं. परवा अक्षय अगदी नरमाईनं म्हणाला, "तुह्यावर राग नाही. पण आता इथं बोलाची सोय नाही राह्यली." दुसऱ्या दिवसापासून मी वजनकाट्याजवळच्या बाकावर जेवते. रामरावांचा फोन आला होता. दुबार पेरलेलं उगवलं म्हणाले, उशीर झाला तेवढा झाला. "जागं झालं बाई तुमचं बियाणं," असंही म्हणाले. हे सांगायला मला कोणी सापडलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

एक दुरुस्ती. उमरखेडहून मी लिहिलं होतं की डबा वच्छलाबाईंना दिला. भाकरी त्यांना दिली. ठेचा मी खाल्ला.

डबा घासून ठेवला होता, तो अक्षयबरोबर पाठवते आहे. सुट्टीला घरी आले तेव्हा आईनं तो पिशवीत पाहिला आणि विचारलं, कोणाचा. मी म्हटलं, शुभदाताईंचा. ती लगेच म्हणाली, मग काय भरून देऊ? करंज्या करू का? आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, तुमच्याकडेही करत नसतील. मी म्हटलं, काही नको, रिकामाच द्यायचा आहे.

आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी तिला सांगितलेलं ते वाक्य तिला अजून पाठ आहे, आणि पुढचं काही मी घरी सांगितलेलं नाही.  मी आंघोळीला गेले तेव्हा तिनं डब्यात चमचाभर साखर टाकून झाकण लावलं.

मी ती काढलेली नाही. पण ती आईची आहे.

प्रेरणा